वंशावळीत न सापडणारी बाई : ओवी आणि फेरफार
(घोटावडे, ता. मुळशी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

फाट्यावरून आत येताना दोन्ही बाजूंचे प्लॉटिंगचे बोर्ड बघत आलो. आजचा विषय साहित्याचा आहे, पण जमीन त्यात येणारच.

प्रश्न असा की, जिचं कुठे नाव झालं नाही अशा साध्या बाईचा घराण्याचा इतिहास लिहिता येतो का? अमेरिकेत लॉरेल थॅचर उलरिक या बाईंनी तो लिहिला. 1990 साली त्यांचं ‘अ मिडवाइफ्स टेल’ आलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मार्था बॅलार्ड नावाची एक सुईण होती, मेन प्रांतातली. 1785 ते 1812 अशी सत्तावीस वर्षं ती रोज चार ओळी लिहीत होती. आज हवा कशी, कोणाची बाळंतीण सोडवली, सूत किती. आठशेच्या वर बाळंतपणं त्यात आहेत. आधीच्या लोकांना ही डायरी कंटाळवाणी वाटली होती. उलरिकबाईंनी ती कोर्टाच्या आणि गावाच्या दप्तराशेजारी ठेवून वाचली. तिचा नवरा कर्जापायी तुरुंगात गेला, तेव्हा घरात काय झालं हे दप्तर सांगत नाही, डायरी सांगते.

आता आपल्याकडे या. आपल्या आज्यांनी डायरी लिहिली नाही. मग आपण कुठे बघतो? वंशावळीत. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी गावोगाव वंशावळी निघाल्या, तुम्हीही काढल्या असतील. पण तो पुरावा बापाकडून चालतो. आई, आजी त्यात लागतच नाही. छापील कुलवृत्तांत बघा. बहुतेक जुन्या कुलवृत्तांतांत बाई नवऱ्याच्या नोंदीत एका ओळीत येते. त्यात लग्नात नाव बदललेलं, म्हणजे माहेरच्या कागदात ती वेगळीच. माझ्याच आजीचं माहेरचं नाव घरात कोणाला सांगता आलं नाही. पणजोबांचे सगळे भाऊ मात्र पाठ!

तरी एक दप्तर आहे, आणि त्यात हा तालुकाही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. मुळशीतल्या कोळवडे, नांदगावच्या बायांनी त्यात गायलंय. त्याआधी साने गुरुजींनीही ओव्या जमवल्या होत्या. पण आपण समीक्षकांनी ओवी वाचली कशी? माझी तक्रार तिथे आहे. ओवी म्हणजे बहीण-भावाचं निर्मळ प्रेम, मायेचा पाझर, झालं! एवढं लिहून आपण मोकळे. पाठ्यपुस्तकानंही तेच शिकवलं.

त्या ओव्यांमधला भाऊ एकदा नीट बघा. तो न्यायला येतो, चोळी घेतो, वाटेकडे डोळे लावून बहीण बसलेली असते. आणि त्याच्या शेजारीच भावजय आहे, मागणं आहे, रुसवा आहे, ‘आई गेल्यावर माहेर कुठलं’ ही धास्ती आहे. हे निव्वळ प्रेम आहे का? मला वाटतं, हा हिशेब आहे. प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण जिला वाटा नाही तिला वाट्याच्या जागी साडीचोळी आणि येणं-जाणं मिळतं, आणि ते टिकवायचं तर भावाचं कौतुक गावंच लागतं.

म्हणून ओवीशेजारी फेरफार ठेवायचा. वडील वारले की वारस नोंद होते, आणि तिथे पहिल्यांदा बहिणीचं नाव शाईनं उमटतं. बऱ्याच घरांत लगेच पुढे हक्कसोडपत्र! नाव लागतं ते सोडण्यापुरतं. 1956 च्या कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्शात वारसा मिळाला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. 2005 ला देशभर तो सगळ्या मुलींना मिळाला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो जन्मानंच असल्याचं स्पष्ट केलं. आणि त्याच काळात इकडे हिंजवडीच्या अंगानं गुंठ्याचे भाव चढले. ज्या सहीला पूर्वी कोणी विचारत नव्हतं, तिच्यासाठी आता गाडी पाठवतात. (हशा) हसू नका, गाडी येते तेव्हा बहिणीला आनंदही होतो. भाऊ न्यायला आला ना! ओवीतलंच चित्र आहे ते, फक्त पोचायचं ठिकाण दुय्यम निबंधक कार्यालय.

माझ्या या वाचनाला एक हरकत घेता येईल, आणि ती खरी आहे. ओवी ही डायरी नाही. तिच्यातली वळणं ठरलेली असतात. ज्या बाईला भाऊच नाही तीही भावाची ओवी गाते. त्यामुळे एका ओवीवरून एका बाईचं चरित्र काढणं चूक. उलरिकबाईंना जी सोय होती ती आपल्याला नाही. पण शेकडो ओव्यांमधून बाईनं काय गायचं ठरवलं आणि काय वगळलं, हे दिसतं. माझ्या वाचनात भावाच्या ओव्या ढिगानं आल्या. बापाच्या जमिनीत माझा वाटा, असं म्हणणारी क्वचितच. ही गाळलेली जागा फेरफारात सापडते, अंगठ्याच्या ठशासह. दोन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत राहिले, एक लोकसाहित्याच्या, एक महसुलाच्या. म्हणून ती बाई आपल्याला अर्धीच दिसली.

1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव आलंय. चांगलंच झालं. पण त्या आईचं माहेर, तिची आई, हे अजून कुठल्याच रकान्यात नाही.

त्या ओव्यांपैकी पुष्कळ आता मोबाइलवर ऐकायला मिळतात, गाणारीच्या नावानं, गावानं. कोळवडे इथून काही परदेश नाही. घरी गेल्यावर ऐका. एखादीची आत्या, एखाद्याची आजी त्यात सापडली, तर मला निरोप द्या, तिचं माहेरचं नाव लिहून घ्यायला मी येईन.

आता प्रश्न घेऊ.