रविवारची पंगत आणि वाढणारीचे पान

घरातील सर्व माणसांनी आठवड्यातून एकदा, रविवारी, एकत्र बसून जेवावे, या चालीची स्तुती अलीकडे वारंवार कानी पडते. ललित लेखांतून आणि व्याख्यानांतून ती 'आपली जुनी परंपरा' म्हणून वर्णिली जाते. ग्रंथाचे परीक्षण करिताना केवळ प्रस्तावनेवर विसंबून चालत नाही, आतील मजकूर पाहावा लागतो. त्याच न्यायाने या चालीचेही एकदा परीक्षण व्हावे, असे आम्हांस वाटते. आणि त्यासाठी नांदेड व लातूर हा मुलूख आम्ही डोळ्यांपुढे ठेवितो.

प्रथम 'जुनी' हे विशेषण पाहू. मुंबईच्या गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १८९० साली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता आणि तेथे कचेऱ्यांस व शाळांस शुक्रवारची सुटी असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रांत मुक्त झाला, आणि त्यानंतर रविवार हा विसाव्याचा वार ठरला. तेव्हा नांदेडच्या नोकरदार घरातील रविवारच्या पंगतीचे वय पाऊणशे वर्षांच्या आसपास भरते. शेतकऱ्यास तर असा सुटीचा वार ठाऊकच नव्हता. रविवार त्यास खंडोबाचा वार म्हणून माहीत. बाकीचे वार बाजाराचे आणि पेरणी-काढणीचे.

चाल नवी असणे हा काही दोष नव्हे. सहा दिवस कचेरी, दुकान व शाळा यांत विखुरलेली माणसे सातव्या दिवशी एकमेकांची तोंडे पाहतात, मुलास बापाशी चार शब्द बोलावयास मिळतात, आजीची गोष्ट कोणी तरी पुरती ऐकून घेतो. एवढे जी चाल साधते तिला आम्ही हसणार नाही. पण हे चित्र रंगविणारे बहुतेक लेखक पंगतीतील पाटावर बसून ते रंगवितात. त्यांची दृष्टी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी थांबते. उंबरठ्याच्या आत चूल पेटलेली असते, आणि सर्वांच्या सुटीच्या दिवशी जिचे काम दुप्पट झाले आहे अशी एक बाई तेथे भाकरी थापीत असते.

आमच्याकडे ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी अशी सर्वांची अपेक्षा असते. पाहुण्यांच्या घरी पुऱ्या असल्या तरी न्याय तोच. गरम वाढावयाचे म्हणजे करणारीने चुलीपाशी राहावयाचे. आणि ती चुलीपाशी राहिली म्हणजे पंगतीत नाही. सर्वांचे हात धुऊन झाल्यावर, निवालेल्या कालवणाशी उरलेली भाकरी घेऊन ती बसते, तेव्हा बैठकीत पानसुपारी चाललेली असते. 'तिला वाढण्यातच आनंद असतो' असे यावर उत्तर दिले जाते. असेलही. परंतु हा आनंद तिने निवडला की तिच्या वाट्यास आला, हे तिला कोणी विचारले आहे काय? ज्या पंगतीत घरचे एक माणूस नेमाने गैरहजर असते, तिला 'सगळ्या घराचे जेवण' म्हणणे हे विधान म्हणून चुकीचे आहे.

याहून वेगळे जेवण याच भूमीत आहे, आणि ते रविवारच्या पंगतीहून पुष्कळ जुने आहे. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस, जिला आमच्याकडे येळवस म्हणतात, लातूरकडील शहरे ओस पडतात आणि शेते माणसांनी भरतात. कडब्याची कोप उभारून पाच पांडवांची पूजा होते आणि मग सर्वजण मातीवरच जेवावयास बसतात. वाटेने जाणाऱ्यासही हाक मारून बसविले जाते. त्या दिवशीचे पदार्थ ध्यानात घ्या: ओल्या शेंगांची व भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातील आंबील, गव्हाची खीर, तिळाची पोळी. यांतील एकही पदार्थ चुलीवरून थेट ताटात यावा लागत नाही. सारे आधीच तयार होऊन टोपल्यांतून शेतात येते. म्हणून जिने ते रांधले ती शेतात मोकळी असते, आणि इतरांच्या मांडीला मांडी लावून जेवते. आदल्या रात्रीचे जागरण तिचेच असते, हे आम्ही विसरत नाही. तो उणेपणा येळवसेतही आहे. पण जेवणाच्या घटकेस तिचे पान मांडलेले असते.

त्या उणेपणावरचा उपायही दूर नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेविला, त्या नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातील लंगर पाहावा. तेथे कणीक मळणे, पोळ्या लाटणे, भांडी घासणे ही सेवा मानली जाते, आणि पुरुष ती न संकोचता करितात. आज वाढणारा उद्या पंगतीत बसतो. देवाच्या दारी ज्या पुरुषाच्या हातास पीठ लागलेले शोभते, त्याच्या हातास ते स्वतःच्या घरी न शोभण्याचे कारण आम्हांस कळत नाही.

आता लातूरचे आणखी एक दृश्य. परगावची हजारो मुले तेथे शिकावयास राहतात. रविवारी संध्याकाळी अनेक खानावळी बंद असतात, आणि त्या दिवशी एसटीतून उतरणाऱ्या आयांच्या हातात डबे दिसतात. भाड्याच्या लहानशा खोलीत वर्तमानपत्र अंथरून आई डबा उघडते. तेथे चूल नाही, तेव्हा उठून जाण्यास जागाही नाही. मुलगी म्हणते, 'आई, तूही घे,' आणि आई घेते. घरच्या भरल्या पंगतीस वर्षानुवर्षे जे साधले नाही, ते त्या चतकोर जागेत सहज साधते.

रविवारची पंगत मोडावी असे आमचे म्हणणे नाही. ती पुरी व्हावी एवढेच आहे. एखाद्या रविवारी भाकरी निवलेली असो, भांडी मध्ये ठेवून ज्याचे त्याने वाढून घ्यावे, आणि पहिला घास घेण्यापूर्वी पाने मोजावी. घरात माणसे जितकी, तितकी पाने भरली, म्हणजे त्या जेवणास परंपरा म्हणण्यास आमची हरकत नाही.