‘संकेतबल’ या संज्ञेविषयी

पाण्यातील प्रवाहाचा वेग ध्वनीने मोजणाऱ्या डॉप्लर यंत्रातील ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ या नोंदीस ‘संकेतबल’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. तो मला दिशाभूल करणारा वाटतो. न्यायशास्त्रात संकेत म्हणजे अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा हा ठराव. यंत्राकडे परतणाऱ्या ध्वनीमागे असा ठराव नाही. गाळाचे कण, सूक्ष्मजीव, बुडबुडे यांवरून विखुरलेला तो प्रतिध्वनी होय. वेग कळतो तो त्याच्या वारंवारतेतील फरकावरून, तीव्रतेवरून नव्हे.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्दच्या जलाशयात असे यंत्र ठेवले आहे, अशी कल्पना करू. पावसाळी गढूळ लोंढ्यात प्रतिध्वनी जोरकस येईल (गाळ फारच दाटला तर मात्र तोच ध्वनी गिळील). गाळ बसून पाणी नितळले की तो क्षीण होईल, आणि यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटाइतका उतरल्यावर वेगाची नोंद निरर्थक ठरेल. अंतरागणिक तो मंदावणे स्वाभाविकच. पण दूरवर एकाएकी उसळलेले बळ पाहून हर्ष मानणारा फसतो. तेथे बहुधा तळ किंवा भिंत असते, आणि तिला गती नसल्याने प्रवाह आहे त्याहून संथ भासतो. एकाच ध्वनिशलाकेचे बळ इतरांहून कमी दिसल्यास तिच्या मुखावर शेवाळ चढले आहे काय, हे आधी पाहावे.

‘संकेतबल’ म्हणताच वाचक बळालाच विश्वसनीयता समजू लागतो. ‘प्रतिध्वनितीव्रता’ ही संज्ञा अंमळ बोजड खरी; पण ध्वनी कशावरून परतला, हा प्रश्न ती निदान झाकीत नाही.