मिलाम : आकार टिकला, लोखंडाचं काय?

लोकसभेचे माजी अध्यक्ष पी. ए. संगमा ज्या तुरा मतदारसंघातून निवडून येत, तो मुलूख म्हणजे मेघालयाचा पश्चिम भाग, गारो टेकड्या. तिथल्या गारो लोकांची पारंपरिक तलवार म्हणजे मिलाम. आज ती भरपूर दिसते. वांगाला उत्सवात नाचणाऱ्यांच्या हातात असते, संग्रहालयांच्या कपाटांत असते. त्यामुळे ही कला सुखरूप आहे, असा समज सहज होतो. माझ्या मते सुखरूप आहे तो तिचा आकार. तो ज्या लोहारकामातून आला, त्याची विचारपूस फारशी होत नाही.

मिलामचं वेगळेपण तिच्या बांधणीत आहे. ती दुधारी, आणि मुठीपासून टोकापर्यंत एकाच लोखंडाची. मूठ आणि पातं यांच्या मध्ये आडवी पट्टी असते, तिला बैलाच्या शेपटीच्या केसांचा झुबका बांधतात. भारतातल्या बहुतेक तलवारींत पातं एकाने घडवलेलं, मूठ दुसऱ्याने. पात्याचं शेपूट मुठीत घालून लाखेने पक्कं करायचं. मराठ्यांच्या फिरंगीचं तर पातंच युरोपातून यायचं. जोड असला की मूठ बदलता येते, बिघाड दुरुस्त होतो. मिलाममध्ये ही सवलत नाही. पात्याची रुंदी आणि मुठीची पकड एकाच तुकड्यातून ओढून काढायची, आणि वजनाचा तोल घणाखालीच साधायचा.

ईशान्येतल्या झूम, म्हणजे फिरत्या शेतीचं रोजचं हत्यार म्हणजे एकधारी दाओ. बांबू तोडायला, रान साफ करायला तो लागतोच. झिजला की नवा घ्यावा लागतो, म्हणून तो घडवणाऱ्याचा हात चालता राहतो. मिलामचा मान मात्र लढाईतला आणि विधींतला. 12 डिसेंबर 1872 रोजी गारो योद्धा पा तोगान संगमा इंग्रजांच्या बंदुकांपुढे लढताना पडला आणि लवकरच या टेकड्या पूर्णपणे इंग्रजांच्या ताब्यात गेल्या. लढाईचं प्रयोजन तिथे संपलं. त्याआधीच, 1863 मध्ये, ओमेद आणि रामके या दोन गारोंनी बाप्तिस्मा घेतला होता; पुढे बॅप्टिस्ट मिशनचा प्रसार झाला, आणि सोंगसारेक हा जुना धर्म पाळणारी घरं कमी होत गेली, तसे विधीही मागे पडले. तलवारीचे दोन्ही आधार असे एका पिढीच्या अंतराने डळमळले.

तिसरा आधार मिळाला तो नाचाचा. वांगाला हा मिसी सालजोंग या देवाचे आभार मानण्याचा, सुगीनंतरचा सण. तुऱ्याजवळ आसानांगला 1976 पासून शंभर ढोलांचा वांगाला भरतो. पुरुष मिलाम आणि ढाल घेऊन उतरतात, तेव्हा त्या हालचालींतली युद्धाची लय स्पष्ट जाणवते. या उत्सवाने तलवार लोकांच्या नजरेसमोर ठेवली, हे त्याचं श्रेय नाकारता येणार नाही. पण मंचाच्या गरजा निराळ्या. तिथे धार नको, हलकेपणा हवा; दुरून आकृती ओळखू यावी एवढं पुरे. पाणी नीट दिलंय का, पातं वाकून पुन्हा सरळ होतं का, हे नाचात कोण तपासणार? ज्या गुणाची परीक्षाच होत नाही, तो गुण कारागीर किती काळ जपेल?

लेखनाची बाजूही लंगडी आहे. मेजर ए. प्लेफेअर यांचं गारोंवरचं पुस्तक 1909 चं. त्यातलं तलवारीचं वर्णन मोलाचं आहे. पण नंतरच्या बहुतेक लिखाणात एकसंध लोखंड, दोन धारा आणि केसांचा झुबका एवढीच माहिती फिरत राहते. वजन, तोल, घडणीचा क्रम, जुन्या आणि नव्या पात्यांतला फरक यांवर क्वचितच कुणी लिहितं. वेशभूषेचा भाग म्हणून मिलामचं कौतुक होतं, धातुकाम म्हणून समीक्षा होत नाही.

लढाई गेली म्हणून कला जावी, असं काही नाही. जपानमध्ये तलवारीचं युद्धातलं काम संपल्यावरही पात्याची पारख करणारे राहिले, म्हणून घडवणारेही राहिले. मिलामला आज उणीव आहे ती अशा पारखी नजरेची. शंभर ढोलांच्या मैदानालगत एक भट्टी पेटवावी, जुनी पाती नव्यांशेजारी मांडावीत आणि नाचणाऱ्या पथकांनी आपल्या तलवारी तिथल्याच लोहाराकडून, वजन-तोल ठरवून घडवून घ्याव्यात. उत्सवाला त्यासाठी काही सोडावं लागणार नाही, आणि लोहाराला चोखंदळ गिऱ्हाईक मिळेल.