अठरा मिनिटांची व्याख्याने

व्याख्यान ऐकणे हा मराठी माणसाचा जुना छंद होय. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे गावोगावच्या व्याख्यानमालांनी कित्येक पिढ्यांना शहाणे केले. तास-दीड तासाचे व्याख्यान, अध्यक्षांचा समारोप, आभारप्रदर्शन आणि घरी परतताना रस्त्यात रंगणारी चर्चा, असा तो सारा थाट असे. आता व्याख्यान श्रोत्याच्या खिशातील फोनमध्ये येऊन बसले आहे आणि त्याला वेळ ठरवून दिली आहे ती अठरा मिनिटांची. विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज यांविषयीचे मोठे विचार थोडक्यात मांडणारी 'टेड' या संस्थेची भाषणे आमच्या घरांतील तरुण मुले आवडीने ऐकतात, आणि खरे सांगायचे तर आम्हीही ऐकतो. एखाद्या वाङ्मयप्रकाराचे करावे तसे या भाषणांचे मूल्यमापन व्हावे, असे आम्हांस वाटते.

तंत्रज्ञान, करमणूक आणि डिझाइन या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून 'टेड' हे नाव तयार झाले. रिचर्ड सॉल वुर्मन आणि हॅरी मार्क्स यांनी १९८४ साली कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे पहिली परिषद भरवली. तीत तोटा आला आणि दुसरी परिषद भरण्यास १९९० साल उजाडावे लागले. २००१ मध्ये ही परिषद ख्रिस अँडरसन यांच्या सेवाभावी प्रतिष्ठानाकडे गेली. जून २००६ मध्ये सहा भाषणे इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्यात आली आणि हजारो डॉलर मोजून येणाऱ्या निवडक श्रोत्यांची मेजवानी साऱ्या जगाला खुली झाली. हे दान लहान नव्हे. ज्याच्या गावात ग्रंथालय नाही त्यालाही आज नामांकित संशोधकाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकता येते.

या प्रकाराचे सामर्थ्य पाहायचे असेल तर अरविंद गुप्ता यांचे भाषण पाहावे. पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१० साली भारतातील 'इंक' परिषदेत त्यांनी केलेले भाषण पुढे 'टेड'नेही प्रसारित केले. काड्यापेटीतल्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, जुने कागद अशा कवडीमोलाच्या वस्तू ते हाती घेतात आणि पाहता पाहता त्यांतून भूमितीचे आकार आणि खेळणी उभी राहतात. भाषण संपले की ऐकणाऱ्या मुलाचा हात आपोआप काड्यापेटीकडे जातो. येथे वेळेचे बंधन वक्त्याला जाचत नाही. पाल्हाळ गळून पडतो आणि वस्तू बोलू लागते.

परंतु सगळीच भाषणे अशी नसतात. नारदीय कीर्तनाशी तुलना केली तर उणीव कोठे आहे ते चटकन कळते. कीर्तनकार पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण करतो आणि उत्तररंगात तेच तत्त्व आख्यानाने ठसवतो. आख्यान रंगते खरे, पण त्याचे ओझे पूर्वरंगाने आधीच उचललेले असते. अठरा मिनिटांच्या भाषणात बहुधा पूर्वरंगालाच कात्री लागते. वक्ता आपल्या आयुष्यातील एखाद्या कठीण प्रसंगाने आरंभ करतो, मध्ये एका प्रयोगाचा निष्कर्ष सांगतो आणि शेवटी ऐकणाऱ्याचे जीवन पालटेल असे आश्वासन देतो. प्रयोग किती माणसांवर झाला, इतरांनी तो करून पाहिला काय, निष्कर्षाला अपवाद कोणते, या रूक्ष पण आवश्यक गोष्टींना वेळ उरत नाही.

मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचे २०१२ सालचे गाजलेले भाषण या दृष्टीने उद्बोधक आहे. ताठ, ऐसपैस पवित्र्यात दोन मिनिटे उभे राहिल्यास आत्मविश्वास वाढतो, इतकेच नव्हे तर शरीरातील संप्रेरकांचे प्रमाणही बदलते, असे त्यांनी सांगितले. त्याला आधार होता २०१० साली दोन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या, ४२ व्यक्तींवरील अभ्यासाचा. २०१५ साली दुसऱ्या संशोधकांनी सुमारे २०० व्यक्तींवर तोच प्रयोग केला. आपण समर्थ आहोत ही भावना वाढल्याचे त्यांना आढळले, मात्र संप्रेरकांत आणि वर्तनात फरक दिसला नाही. २०१६ मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनी, हा परिणाम खरा आहे असे आपण आता मानत नाही, असे जाहीर केले. कडी यांनी मात्र भावनेपुरता आपला दावा सोडला नाही. वक्तीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण नाही. विज्ञानात चूक होते, ती दुसरा दुरुस्त करतो, हीच विज्ञानाची रीत आहे. दुःख याचे, की भाषण कोट्यवधींनी ऐकले आणि दुरुस्ती मूठभरांनी वाचली. भाषणाला पंख असतात, दुरुस्तीला ते नसतात.

येथे आम्हांस मायकेल फॅरेडे यांची आठवण होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होऊ लागली. १८६० च्या नाताळात फॅरेडे यांनी एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. एका व्याख्यानाला एक तास पुरे, असे मत त्यांनी तरुणपणीच नोंदवून ठेवले होते, म्हणजे आटोपशीरपणाचे महत्त्व तेही जाणून होते. विझवलेल्या मेणबत्तीतून निघणाऱ्या वाफेला दुरून काडी लावली की ज्योत पुन्हा वातीवर उडी घेते, हे त्यांनी मुलांना दाखवले. ज्योतीवर थंड भांडे धरले की त्यावर पाणी जमते, हेही दाखवले. आमच्या वेदीवर रोज जळणाऱ्या मेणबत्तीत इतके विज्ञान दडले आहे! फॅरेडे स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होते, पण माझ्यावर विश्वास ठेवा असे त्यांनी मुलांना सांगितले नाही. घरी जाऊन स्वतः पडताळून पाहता येईल असे काहीतरी त्यांच्या हाती दिले. अरविंद गुप्तांच्या काड्यांचे कुळ हेच. तेव्हा विज्ञानावरील भाषणाला आमची पहिली कसोटी ही, की वक्त्याने आपले म्हणणे तपासण्याचे साधन श्रोत्याला दिले काय?

ही कसोटी उतरल्यावरही दुसरी उरते. २०१५ साली, पश्चिम आफ्रिकेतील एबोलाच्या साथीनंतर, बिल गेट्स यांनी आठ-नऊ मिनिटांचे एक भाषण केले. येत्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे दगावली तर ती युद्धापेक्षा अत्यंत संसर्गजन्य विषाणूने दगावण्याचा संभव अधिक आहे आणि जगाची सिद्धता नाही, असा त्यांचा इशारा होता. आरोग्यव्यवस्था, प्रशिक्षित मनुष्यबळ, संशोधन, यांपैकी काय हवे तेही त्यांनी सांगितले. विचार अचूक होता, मांडणी स्वच्छ होती, टाळ्याही पडल्या. पाच वर्षांनी कोविडची साथ आली तेव्हा जग तयार नव्हते. मग लोकांनी ते भाषण शोधून शोधून पाहिले. चांगला विचार ऐकला म्हणजे अर्धे कर्तव्य पार पडले, असा एक गोड भ्रम अशा भाषणांतून उत्पन्न होतो. आमची दुसरी कसोटी म्हणूनच अधिक कडक आहे: टाळ्यांनंतर श्रोत्यावर काही करण्याची जबाबदारी उरली काय?

या दोन कसोट्यांवर पोप फ्रान्सिस यांचे एप्रिल २०१७ मधील भाषण घासून पाहण्याजोगे आहे. व्हँकुव्हर येथील परिषदेत ते ध्वनिचित्रफितीद्वारे बोलले, आणि तेही अठरा मिनिटांच्या आसपासच. आपण स्थलांतरितांच्या घरातले आहोत याचे त्यांनी स्मरण दिले. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या वाढीबरोबर समता आणि सर्वांचा समावेशही वाढला तर किती बरे होईल, असे त्यांनी म्हटले. दयाळू शोमरोन्याचा दाखला देऊन त्यांनी मायेच्या क्रांतीचे आवाहन केले. उपाशीपोटी मद्य घ्यावे तशी सत्ता चढते, अशा अर्थाची अर्जेंटिनातली म्हण सांगून, ज्याच्या हाती अधिक सत्ता त्याने अधिक नम्र असावे, असे त्यांनी बजावले. समोर सत्ता आणि संपत्ती बाळगणारे श्रोते होते, हे ध्यानात घेता हे शब्द धाडसाचे होत. समता नेमकी कोणत्या मार्गाने येईल, याचा तपशील त्या भाषणात नाही, हेही नमूद केले पाहिजे. पहिल्या कसोटीवर ते पूर्ण उतरत नाही. दुसऱ्या कसोटीवर मात्र ते खरे ठरते, कारण शोमरोन्याची गोष्ट ऐकणाऱ्याला मोकळे सोडत नाही. ती सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत, पण त्या शोमरोन्याने जखमी माणसासाठी स्वतःच्या पदरचे दोन दिनार मोजले आणि राहिलेला खर्च परतताना देण्याचे कबूल केले. गोष्टीचा शेवट टाळीत होत नाही, तसेच वागण्याच्या आज्ञेत होतो.

हा प्रश्न आमच्या धर्मग्रामांच्या उंबरठ्यावरही येऊन ठेपला आहे. मिस्सेतील प्रवचन दहा मिनिटांहून अधिक नसावे, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये सांगितले आणि २०२४ मध्ये ही मर्यादा आठ मिनिटांवर आणली. लांबलेल्या प्रवचनात डुलकी लागलेल्या भाविकांना याचा आनंद झाला असल्यास नवल नाही! परंतु त्याच पोप महोदयांनी २०१३ च्या आपल्या प्रबोधनपत्रात, प्रवचन म्हणजे करमणूक नव्हे आणि त्याला भाषणाचे वा व्याख्यानाचे रूप येऊ नये, असेही बजावले होते. दोन्ही सूचना एकत्र वाचल्या पाहिजेत.

आमच्या साहित्य मेळाव्यांतून आणि व्याख्यानमालांतूनही हल्ली वक्त्याला पंधरा-वीस मिनिटे देण्याचा प्रघात पडू लागला आहे. आमची त्यास हरकत नाही. आमची सूचना एवढीच, की वाचलेला वेळ दुसऱ्या वक्त्याला न देता श्रोत्यांना द्यावा. टेडच्या व्यासपीठावर श्रोत्यांच्या प्रश्नांना सहसा जागा नसते, ती आपण ठेवू शकतो. वक्त्याने अठरा मिनिटे बोलावे आणि पुढील अठरा मिनिटे सभागृहातील कोणीही उठून विचारावे: हे तुम्हांला कसे कळले, आणि आम्ही उद्या काय करावे? ज्या विचाराला या दोन प्रश्नांची भीती वाटत नाही, तोच दूरवर पसरण्यास योग्य, असे आम्ही समजतो.