लेसर-शोषणाने वायूचे तापमान : एका मापनपद्धतीची मीमांसा

ज्वालेत थर्मोकपल ठेवला असता तो जे तापमान दर्शवितो, ते ज्वालेचे नसून त्याच्या स्वतःच्या सांध्याचे असते. सांधा सभोवती उष्णता उत्सर्जित करतो, आधाराच्या तारांतून ती वाहून जाते आणि प्रवाहही थोडाफार विचलित होतो. या दोषांवर उपाय म्हणून लेसर-शोषणाची पद्धत पुढे आली. वायूला स्पर्श न करता, सेकंदाच्या सहस्रांशात, तापमान व घटकवायूचे प्रमाण ही दोन्ही एकाच शलाकेने सांगता येतात, आणि तीही अंशांकनाशिवाय, असा या पद्धतीचा दावा आहे. दाव्याचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. उत्तरार्ध मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

पद्धतीचे मूलतत्त्व जुनेच आहे. माध्यमातून जाताना प्रकाश कसा क्षीण होतो याचा नियम बूगेर याने १७२९ साली व लॅम्बर्टने १७६० साली मांडला, आणि बेअरने १८५२ साली त्यात विद्रावाच्या संहतीचा विचार आणला. त्याला बोल्ट्झमनच्या वितरणाची जोड दिली की तापमापन साधते. वायूचे रेणू निरनिराळ्या ऊर्जापातळ्यांवर विभागलेले असतात, आणि तापमान वाढले की वरच्या पातळ्यांवरील रेणूंचा वाटा वाढतो. यास्तव भिन्न पातळ्यांवरून उगम पावणाऱ्या दोन शोषणरेषा निवडून त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढले, तर दाब, मार्गाची लांबी व वायूचे प्रमाण ही सर्व पदे परस्परांना छेदून जातात आणि केवळ तापमान उरते. ते हाती आल्यावर कोणत्याही एका रेषेवरून वायूचे प्रमाण काढता येते.

या तत्त्वाला साधनांची जोड क्रमाक्रमाने मिळाली. अर्धवाहक लेसर १९६२ साली अस्तित्वात आला. १९७७ साली हॅन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त डायोड-लेसरच्या साहाय्याने ज्वलनवायूंच्या वर्णपटाचा सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे दूरसंचारासाठी तयार झालेले, सामान्य तापमानास चालणारे लेसर उपलब्ध झाले आणि १.४ मायक्रॉनच्या आसपासच्या जलबाष्परेषा सर्वत्र वापरात आल्या. रेषांच्या तीव्रतेचे आकडे हिट्रान या संकलनातून घेतले जातात. त्याची पहिली आवृत्ती १९७३ साली निघाली. येथेच पहिली शंका उद्भवते. अंशांकन प्रयोगशाळेत करावे लागत नाही, याचा अर्थ ते नाहीसे झाले असा नव्हे. ते कोष्टक तयार करणाऱ्याकडे सोपविले गेले. कोष्टकातील तीव्रता २९६ केल्विन या संदर्भ-तापमानासाठी दिलेल्या असतात, आणि १५०० केल्विनपर्यंतचा प्रवास गणिताच्या आधारे करावा लागतो.

दुसरी शंका संवेदनक्षमतेची आहे. बहुप्रचलित जोडी ७१८५.६ व ७४४४.४ प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांजवळील रेषांची होय. दुसऱ्या स्थानी वस्तुतः दोन निकटवर्ती रेषा एकत्र मोजल्या जातात. या जोडीच्या मूळ पातळ्यांतील अंतर सुमारे ७४५ प्रति सेंटिमीटर आहे. १५०० केल्विनला गुणोत्तरात एक टक्का चूक झाली, तर तापमानात सुमारे १.४ टक्के, म्हणजे २१ केल्विनची चूक होते. ही मर्यादा प्रामाणिक आहे. ती आधी सांगता येते आणि पातळ्यांतील अंतर वाढवून कमीही करता येते.

खरा प्रश्न तिसरा आहे. शलाका एका बिंदूचे नव्हे, तर संपूर्ण मार्गाचे शोषण मोजते. एका कल्पित उदाहरणाने याचे गांभीर्य ध्यानी येईल. १० सें.मी. मार्गापैकी ८ सें.मी. वायू १५०० केल्विनचा, तर भिंतीलगतचा २ सें.मी. थर ६०० केल्विनचा आहे, आणि दाब व बाष्पाचा वाटा सर्वत्र सारखाच आहे, असे मानू. थंड थरातील रेणू अधिक दाट असतात व खालच्या पातळ्यांवर अधिक संख्येने असतात. परिणामी तो थर लांबीने एक-पंचमांश असूनही पहिल्या रेषेच्या शोषणात त्याचा भाग सुमारे ४२ टक्के असतो. दुसऱ्या रेषेत मात्र तो सुमारे २० टक्केच असतो. या गुणोत्तरावरून निघणारे तापमान सुमारे १०३० केल्विन येते. लांबीनुसार सरासरी १३२० केल्विन आहे. म्हणजे निघालेला आकडा ना गाभ्याचा, ना थराचा, ना सरासरीचा. त्याच चुकीच्या तापमानाने काढलेले बाष्पाचे प्रमाण खऱ्याच्या सुमारे सात-दशांश इतकेच भरते.

विशेष चिंतेची गोष्ट ही की, या चुकीची कोणतीही खूण मापनात उमटत नाही. दोन अज्ञात राशींसाठी दोनच रेषा असल्याने समीकरणे नेहमीच सुटतात. पुन्हा पुन्हा मापन केले तरी तोच आकडा येतो, आणि पुनरावृत्तीची अचूकता सत्याचा आभास निर्माण करते. अनेक निबंधांत तापमानासमोर छापलेली त्रुटी ही केवळ संकेतातील गोंगाटाची असते. मार्गाच्या असमानतेचा तीत समावेश नसतो.

यावर सुचविलेल्या उपायांची योग्यता सारखी नाही. खिडक्यांलगतचा मार्ग नायट्रोजनने भरणे आवश्यकच आहे, परंतु त्याने बाहेरच्या आर्द्रतेचा उपद्रव टळतो, आतल्या थंड थराचा नव्हे. तरंगलांबीचे मॉड्युलेशन करून द्वितीय संनादी मोजल्यास क्षीण संकेत स्पष्ट होतो, पण असमान मार्ग समान होत नाही. अनेक दिशांच्या शलाकांतून क्षेत्राचे चित्र उभे करणे हा खरा उपाय असला, तरी तो खर्चिक आहे व प्रत्येक भट्टीला तितक्या खिडक्या नसतात. त्या मानाने तिसऱ्या व चौथ्या रेषेची भर घालणे सुलभ होय. मार्ग समान असेल तर निरनिराळ्या रेषांचे बिंदू बोल्ट्झमन-आलेखात एका सरळ रेषेवर येतात, आणि नसेल तर आलेख वाकतो. उत्तर यातून लगेच मिळत नसले, तरी प्रश्न उघड होतो. दोन रेषांच्या पद्धतीत तो झाकलेलाच राहतो.

याचा अर्थ पद्धत त्याज्य आहे असा नाही. आघातनलिकेत, जेथे वायू बहुतांशी एकसारखा असतो, तेथे ती विश्वसनीय आहे आणि तिच्या वेगाला तोड नाही. भट्टीत वा इंजिनात मात्र तिच्या उत्तराला ‘तापमान’ हे नाव देण्यापूर्वी मार्गाविषयीचे गृहीतक सांगितले गेले पाहिजे. थर्मोकपल निदान स्वतःच्या सांध्याचे तापमान सांगतो. गृहीतक न सांगता दिलेला लेसरचा आकडा कशाचे तापमान सांगतो, हे वाचकाला कळण्याचा मार्गच उरत नाही.