संभाषणातील सूचितार्थ

वाक्यातील शब्दांनी न सांगितलेला, परंतु संभाषणाचे काही संकेत गृहीत धरून श्रोत्याने अनुमानाने जाणलेला अर्थ. या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी ब्रिटिश तत्त्वज्ञ हर्बर्ट पॉल ग्राइस (१९१३–८८) याने १९६७ मध्ये हार्व्हर्ड विद्यापीठातील विल्यम जेम्स व्याख्यानांत केली. त्यांपैकी संबंधित व्याख्यान १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले.

संभाषण परस्पर-सहकार्याने चालते, हे ग्राइसचे मूळ गृहीतक. आवश्यक तेवढेच बोलावे, खोटे वा निराधार बोलू नये, प्रसंगाला धरून आणि स्पष्ट बोलावे, हे संकेत त्यातून निघतात. ते नीतिनियम नव्हेत. ते पाळले जात असावेत या अपेक्षेवर श्रोत्याचे अनुमान उभे राहते. ‘दूध उरलंय का?’ या प्रश्नाला ‘मघाशी मांजर येऊन गेली’ हे उत्तर वरवर अप्रस्तुत आहे. उत्तर देणारी व्यक्ती विषय सोडून बोलत नसावी, असे मानताच दूध मांजराने प्यायले असा अर्थ निघतो. ‘पण दूध कपाटात होतं’ अशी पुस्ती जोडल्यास तो रद्द होतो. ‘काही विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ यावरून सर्व झाले नसावेत असे समजते, तेही याच न्यायाने. ‘काही, किंबहुना सगळेच’ असे म्हणण्यात व्याघात नाही. अशा शब्दांचा तार्किक अर्थ व व्यवहारातील अर्थ वेगळे मानण्याचे त्यामुळे कारण उरत नाही. ग्राइसचे खरे यश हेच होय.

हे संकेत सर्वत्र सारखे असतात काय, हा प्रश्न मात्र राहतो. मादागास्करमधील एका समाजात नवी माहिती सहसा राखून ठेवली जाते, त्यामुळे त्रोटक उत्तरावरून तेथील श्रोता वक्त्याचे अज्ञान अनुमानत नाही, असे एलिनॉर ओक्स कीनन हिने १९७६ मध्ये दाखविले. महाराष्ट्रातील पंगतीत पाहुण्याचे ‘नको, नको’ हा नकार की संकोच, हे ठरविण्यास आग्रहाची रीत माहीत असावी लागते. सौजन्यासारखे इतर संकेत असल्याचे ग्राइसने मान्य केले. त्यांचा विस्तार केला नाही.

या सिद्धांताची तुलना आनंदवर्धनाच्या (नववे शतक) ध्वनिसिद्धांताशी केली जाते. तथापि आनंदवर्धनाचा विषय काव्य आहे, दैनंदिन बोलणे नव्हे. व्यंजनेला साहाय्यक होणाऱ्या गोष्टींत मम्मटाने वक्ता, बोद्धव्य व प्रसंग यांबरोबर काकूचीही, म्हणजे स्वरातील फेराचीही, गणना केली आहे. ग्राइसच्या संकेतांत स्वराला स्वतंत्र स्थान नाही. पंगतीतील वाढपी तर पाहुण्याचा ‘नको’ बहुधा स्वरावरूनच ओळखतो.