राणीची सखी

शिलरच्या 'मारिया स्टुअर्ट' (१८००) नाटकात दोन राण्या समोरासमोर येतात; इतिहासात त्या कधीच भेटल्या नाहीत. तेवढी मुभा नाटककाराला असावीच. खटकते ते निराळे. बंदिवान मेरीची दाई हाना येथे आहे, पण राणीचा भूतकाळ आठवून देण्यापुरती आणि रडण्यापुरती. तिला स्वतःचे आयुष्यच नाही! स्कॉटलंडच्या या राणीची खरी बालसखी मेरी सीटन. १५४८ साली ती तिच्याबरोबर फ्रान्सला गेली. १५६८ नंतर इंग्लंडच्या कैदेतही राणीची केशरचना तीच करी. अविवाहित राहून, प्रकृती ढासळल्यावर, ती फ्रान्समधल्या मठात गेली. १५८७ साली राणीचा शिरच्छेद झाला. सीटन त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगली. त्या वर्षांचे नाटक शिलरला सुचले नाही, ही रुखरुख राहतेच.